ओल्या मलमलीतून वाचलेलं आभाळ

रात्री आभाळ आलं की गारठा कमी होतो आणि आभाळ निवळलं की पहाटे हरभऱ्याच्या पाल्यावर दहिवर साचतं, हे नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामागचं भौतिकशास्त्र मात्र उशिरा उलगडलं. जमीन दिवसरात्र अदृश्य उष्णता वर फेकत असते आणि वातावरण तिच्यातली बरीचशी परत खाली पाठवतं. या उष्णतेला दीर्घलहरी प्रारण म्हणतात. १३ अंश सेल्सिअसची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ३८० वॅट बाहेर टाकते आणि निरभ्र आभाळ त्यातले २७० च्या आसपास परत करतं. उरलेली तूट म्हणजे पहाटेचा गारठा. परत मिळणारा हा वाटा ठरवण्यात सर्वांत मोठा हात हवेतल्या पाण्याच्या वाफेचा असतो. पण तो मोजणारी यंत्रं महाग आणि नाजूक, म्हणून ती नेहमीच मोजक्या ठिकाणी राहिली. जिल्ह्याच्या गावी पोचली ती झडपांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी आणि तिच्यातले दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. या दोन तापमापकांच्या आकड्यांवरून आभाळाच्या उष्णतेचा अंदाज बांधण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली, तिला आज कामचलाऊ जुगाड समजलं जातं. मला ते मान्य नाही. नांदेड-लातूरसारख्या प्रदेशाच्या गेल्या काळातल्या रात्रींबद्दल ती भरवशाची साक्ष आहे. अट एवढीच की सूत्रातले अंक दुसऱ्यांच्या हवेतून उसने आणलेले नसावेत. ही अट पहिल्यांदा ठसठशीतपणे पुढे आली ती आपल्याच पुण्यात.

निरभ्र आभाळ उष्णता ओढून घेतं ही गोष्ट हिंदुस्थानात विज्ञानाच्या आधी व्यवसायाने ओळखली होती. अलाहाबादच्या बाजूला हिवाळ्यात उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ओतून, खाली गवत किंवा उसाचं पाचट अंथरून, उघड्यावर रात्रीत बर्फ धरला जाई. त्याचं वर्णन रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. हवा गोठणबिंदूच्या वर असताना पाणी गोठतं कसं, या कोड्याचं उत्तर १८१४ मध्ये विल्यम वेल्स या डॉक्टराने दवावरच्या निबंधात दिलं: वस्तू आभाळाकडे उष्णता फेकतात, हवेपेक्षा थंड होतात आणि मग त्यांच्यावर दव धरतं. पुढे १८५९ पासून जॉन टिंडलने प्रयोगशाळेत दाखवलं की नायट्रोजन आणि ऑक्सिजन या उष्णतेला जवळपास अडवत नाहीत, पाण्याची वाफ मात्र जोरात अडवते. एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न उघड होता. वाफ किती, यावरून परतीची उष्णता किती हे सांगता येईल का? स्वीडनच्या आंडर्स ऑंगस्ट्रॉमने १९१२ आणि १९१३ साली अल्जीरिया आणि कॅलिफोर्निया इथे जाऊन रात्रीची मोजमापं केली आणि १९१५ मध्ये जमिनीजवळच्या बाष्पदाबाशी त्यांची सांगड घातली. हातात होतं वडिलांनी, क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी, बनवलेलं यंत्र. त्यात धातूच्या बारीक पट्ट्या असतात, काही काळ्या आणि काही चकचकीत. काळ्या पट्ट्या आभाळाकडे उष्णता फेकून थंड होतात. मग त्यांच्यातून विजेचा प्रवाह सोडायचा आणि दोन्ही पट्ट्यांचं तापमान सारखं होईपर्यंत तो वाढवत न्यायचा. जेवढा प्रवाह लागला, त्यावरून आभाळाने किती उष्णता नेली ते कळतं. हे यंत्र रात्रीच चालतं, वाऱ्याने बिथरतं आणि एकेका वाचनाला माणूस जागा ठेवावा लागतो. जिल्ह्याजिल्ह्यात ते रोज चालवणं शक्यच नव्हतं.

१९२८ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे. सी. व्ही. रामन यांच्या तालमीत तयार झालेले दोघे, के. आर. रामनाथन आणि एल. ए. रामदास, इथे कामाला होते. १९३२ मध्ये रामनाथन आणि बी. एन. देसाई यांनी पुण्याच्या रात्रीच्या वातावरणीय प्रारणावरचा अभ्यास एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रंट यांनी आज त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र मांडलं. सूत्र इतकं साधं आहे की कागदाच्या चिठ्ठीवर बसेल: बाष्पदाबाचं वर्गमूळ घ्या, त्याला एका अंकाने गुणा, त्यात दुसरा एक अंक मिळवा. आलेला अपूर्णांक म्हणजे त्या तापमानाच्या पूर्ण काळ्या वस्तूने जेवढी उष्णता दिली असती तिचा आभाळाने दिलेला हिस्सा. बेन्सन या इंग्लिश गावी डब्ल्यू. एच. डाइन्स यांनी घेतलेल्या मोजमापांवरून ब्रंट यांनी हे दोन अंक ०.५२ (मिळवायचा) आणि ०.०६५ (गुणायचा) असे काढले. काही वर्षांतच पुण्याच्या मोजमापांवरून पी. के. रामन यांनी (हे नोबेलविजेते रामन नव्हेत) ते ०.६२ आणि ०.०२९ असे काढले, आणि पुण्याचं नाव स्वीडन, अल्जीरिया, वॉशिंग्टनच्या पंक्तीत या अंकांच्या कोष्टकांत जाऊन बसलं. पुण्यात हे चालू होतं तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. लातूर त्याच राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याचं व्यापारी गाव होतं आणि त्याला स्वतःचा जिल्हा मिळायला १९८२ उजाडायचं होतं. राज्याची सीमा मधे होती, पण दख्खनच्या पठाराची काळी माती, हिवाळ्याचं कोरडं निरभ्र आभाळ आणि जूनपर्यंतची वाट पाहणं सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच होतं. म्हणून नांदेड-लातूरसाठी अंक शोधायचे तर पहिली नजर बेन्सनकडे नव्हे, पुण्याकडे जायला हवी.

हे गणित एकदा हाताने करून पाहू. जानेवारीची शांत रात्र, नांदेडच्या उंचीवरचा हवेचा दाब ९७० मिलिबारच्या जवळ. समजा, कोरडा तापमापक १३ अंश दाखवतो आणि ओला ९.१. मलमलीतलं पाणी उडून जाताना फुग्यातली उष्णता घेऊन जातं, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका ओला तापमापक खाली. ९.१ अंशाला संपृक्त बाष्पदाब साधारण ११.६ मिलिबार असतो. दोन तापमापकांतल्या ३.९ अंशांच्या फरकासाठी त्यातून अडीच मिलिबार वजा केले की हवेतला खरा बाष्पदाब उरतो ९ मिलिबार. लातूर नांदेडपेक्षा अडीचशेहून जास्त मीटर उंच, त्यामुळे तिथे वजावट किंचित कमी होईल, पण ती दुसऱ्या दशांश स्थळाची गोष्ट आहे. ९ चं वर्गमूळ ३. पुण्याच्या अंकांनी हिस्सा येतो ०.७०७, म्हणजे आभाळाकडून सुमारे २६९ वॅट. आता समजा, मलमल मळलेली होती आणि ओला तापमापक अर्धा अंश जास्त दाखवत होता. बाष्पदाब ९ ऐवजी ९.७ येईल, आठ टक्क्यांची चूक. पण वर्गमूळ घेताना ती निम्मी होते, मग लहान अंकाने गुणल्यावर आणखी आकसते, आणि शेवटी आभाळाच्या उष्णतेत फरक पडतो जेमतेम सव्वा वॅटचा. माझ्या म्हणण्याचा पहिला आधार हाच आहे. ज्या नोंदीला आपण कच्ची म्हणतो तिचा कच्चेपणा हे सूत्र पोटात घेतं. गावोगावच्या निरीक्षकांनी ठेवलेल्या साध्या वह्यांतून आभाळाबद्दल काही शहाणपणाचं काढता येतं ते त्या वर्गमुळामुळे.

मग दुसऱ्यांचे अंक वापरले तर बिघडलं कुठे? उत्तर ऋतूवर ठरतं. ९ मिलिबारला बेन्सनच्या अंकांनी ०.७१५ येतात, पुण्याच्या अंकांनी ०.७०७. फरक तीन वॅटचा, सोडून देण्यासारखा. दोन्ही सूत्रं आठेक मिलिबारजवळ एकमेकांना छेदतात, आणि मराठवाड्याच्या हिवाळी रात्री नेमक्या त्याच टापूत येतात. पण श्रावणातली एखादी उघडीप घ्या: २४ अंश, बाष्पदाब २५ मिलिबार. पुण्याचे अंक सांगतात ०.७६५, बेन्सनचे ०.८४५. उष्णतेत हा फरक ३५ वॅटचा आहे. जमिनीची तूट एका हिशेबाने १०४ वॅट, दुसऱ्याने ६९. एवढ्या फरकावर रात्रीचं किमान तापमान, दव, धुई सगळंच बदलतं. इथे पुण्याची बाजू डोळे मिटून घ्यावी असंही मी म्हणणार नाही. असे दोन अंक जोडीनेच निघतात. ज्या पट्ट्यातल्या रात्री मोजल्या त्या पट्ट्यात ते खरे, बाहेर गेलं की एक वर आणि दुसरा खाली अशी त्यांची ओढाताण सुरू होते. निरभ्र रात्री बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यात मिळतात, त्यामुळे कोरड्या बाजूला अशा सूत्राची मुळं खोल आणि ओल्या बाजूला उथळ राहणं साहजिक आहे. म्हणून माझा दावा मर्यादित आहे: नोव्हेंबर ते मे या काळातल्या निरभ्र रात्रींसाठी दख्खनचे अंक विश्वासाने वापरावेत, पावसाळ्यासाठी वेगळे काढावेत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तापमापकांची पेटी जमिनीपासून सव्वा मीटरवर, आणि आभाळ कित्येक किलोमीटर उंच. खालच्या वाफेवरून वरच्याचा अंदाज कसा? त्यातही निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, दव पडताना तिच्यातली वाफ झडून जाते, म्हणजे आपण नेमकी अपवादात्मक हवा मोजतो. या आक्षेपाला बळ देणारा शोध पुन्हा पुण्याच्याच मंडळींचा. राजेशाही कृषी आयोगाच्या शिफारशीतून १९३२ मध्ये हवामान खात्याची कृषी शाखा पुण्यात सुरू झाली आणि रामदास तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी जाहीर केलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड जागा जमिनीवर नसून तिच्यावर काही डझन सेंटिमीटर उंचीवर असते. पुस्तकी समजुतीविरुद्ध असल्याने यावर बराच काळ कुणी विश्वास ठेवला नाही. मोजणीतली चूक म्हणून ते बाजूला सारलं गेलं. १९५७ मध्ये राश्के या जर्मन अभ्यासकाने पुण्यातच उघड्या जमिनीवर मोजून त्याला दुजोरा दिला, आणि त्याचं कारण शोधण्याचं काम बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी या शतकापर्यंत चालू ठेवलं. हवेतल्या सूक्ष्म धुळीचा त्यात वाटा आहे असं त्यांचं म्हणणं. जमिनीलगतची हवा इतकी गुंतागुंतीची असताना सव्वा मीटरवरच्या एका नोंदीवर विसंबायचं का?

विसंबता येतं, आणि त्याला कारण आहे. वातावरणातली बहुतेक वाफ खालच्या थरांत असते. निम्मी तर साधारण पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्येच. शिवाय वाफ ज्या लहरींना जोरात अडवते त्या लहरींत खालची हवा अपारदर्शक असते, म्हणून परत येणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग अगदी खालच्या काहीशे मीटरमधूनच येतो. उंचावर काय चाललंय याची नोंद नसली तरी हिशेबाचा गाभा आपल्या हाताशी असतो. रामदासांच्या थराचा परिणाम काही डझन सेंटिमीटरपुरता. तो पिकाच्या शेंड्याला फार महत्त्वाचा, आभाळाच्या एकूण हिशेबाला फार थोडा. तरीही आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. एखाद्या एकट्या रात्रीसाठी हे सूत्र दहा-वीस वॅटनी सहज चुकतं. ब्रंट यांनी स्वतः ते महिन्यांच्या सरासऱ्यांवर बसवलं होतं, आणि तिथेच ते खरं उभं राहतं. ‘अमुक तारखेच्या रात्री काय झालं’ असं विचारणाऱ्याला ते निराश करील. ‘दुष्काळी वर्षांतले डिसेंबर आणि सुकाळातले डिसेंबर यांत काय फरक’ असं विचारणाऱ्याला नाही. इतिहासाला बहुधा दुसऱ्या प्रकारचाच प्रश्न पडतो.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो: वाफ मोजायचीच कशाला? १९६३ मध्ये स्विनबँक यांनी दाखवलं की निरभ्र आभाळाची उष्णता नुसत्या तापमानावरून, आर्द्रतेला हात न लावता, उत्तम सांगता येते. सूत्र झटकन लोकप्रिय झालं. पण ते का चालतं ते पाहिलं की मराठवाड्यात ते का फसतं हेही कळतं. त्यांची मोजमापं ऑस्ट्रेलियातली, हिंदी महासागरावरची आणि बेन्सनची होती. अशा जागी उबदार हवा म्हणजे दमट हवा, दोन्ही हातात हात घालून चालतात. तापमान सांगितलं की आर्द्रता आपोआप सांगितली जाते. आपल्या मे महिन्यात हे नातं तुटतं. रात्री पारा २७ अंशांवर आणि हवा मात्र कोरडी. समजा बाष्पदाब १२ मिलिबार. स्विनबँकचं सूत्र आभाळाला ३८८ वॅट देतं. पुण्याचे अंक ३३२ देतात, आणि १९७५ मध्ये ब्रुटसार्ट यांनी कोणत्याही गावाच्या मोजमापांशिवाय, निव्वळ भौतिकशास्त्रातून काढलेलं सूत्र ३६० च्या आसपास. आर्द्रता विचारणारी दोन्ही सूत्रं एका बाजूला राहतात आणि न विचारणारं एकटं फार वर जातं. म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या रात्री गच्चीवर झोपणाऱ्याला पहाटे जो सुखद गारवा लागतो, तो स्विनबँकच्या सूत्राला दिसतच नाही. ओला तापमापक जिथे निरुपयोगी ठरवला गेला त्या हवेतून मराठवाडा घडलेला नाही.

आज उपग्रह आहेत, मग ही जुनी आकडेमोड कशाला, असाही प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, १९५७-५८ मध्ये, भारतात प्रारण मोजणारी केंद्रं उभी राहिली त्यामागे पुण्याच्या उपकरण विभागातल्या ॲना मणी यांची जिद्द होती. वर फुग्यातून जाऊन दीर्घलहरी प्रारण मोजणारी साधनंही त्यांच्या चमूने इथेच बनवली. पण उपग्रह आणि ही केंद्रं १९५७ च्या मागे जाऊ शकत नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं केंद्रं मोजकीच होती. शिवाय ही आकडेमोड जुनी झालेलीच नाही. १९४८ मध्ये पेनमन यांनी पिकाची पाण्याची गरज काढण्याचं सूत्र लिहिलं तेव्हा त्यात ब्रंट यांचं वर्गमूळ जसंच्या तसं बसवलं. १९७१ मध्ये राव, जॉर्ज आणि रामशास्त्री यांनी हवामान खात्यासाठी भारतभरच्या ठिकाणांचं संभाव्य बाष्पोत्सर्जन काढलं ते पेनमनच्याच रीतीने. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये जी पद्धत प्रमाण ठरवली, आणि जिच्यावर आज ठिबकाची वेळापत्रकं बेततात, तिच्यातही तेच वर्गमूळ आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं. ज्या गावी पाणी असं मोजून आलं, तिथे उसाला किती पाणी लागतं या हिशेबातला प्रत्येक अंक तपासून घ्यायला हवा.

आणि तपासल्यावर एक ठिकाण लगेच खटकतं. आर्द्रतेची नोंद नसेल तर किमान तापमानालाच दवबिंदू धरा, अशी सवलत त्या पद्धतीत आहे. कोरड्या प्रदेशात दवबिंदू दोन-तीन अंश खाली धरावा, ही सूचनाही तिच्यातच आहे, पण घाईत ती सुटते. आणि लातूरच्या एप्रिलला दोन-तीन अंशही पुरत नाहीत. किमान तापमान २४ अंश असेल तर सवलतीने बाष्पदाब येतो जवळपास ३० मिलिबार. खरा १२ असला तर? पद्धतीचे स्वतःचेच अंक वापरून जमिनीची निरभ्र रात्रीची तूट पहिल्या बाबतीत ४३ वॅट येते, दुसऱ्या बाबतीत ८३. जवळपास दुप्पट. ही चूक वर्गमुळाच्याही पोटात मावत नाही. अर्ध्या अंशाने चुकलेली ओली मलमल सव्वा वॅटने फसवते, मलमलच नसणं चाळीस वॅटने. मळक्या वहीपेक्षा कोरी वही कितीतरी महाग पडते, हे या दोन आकड्यांत दिसतं.

मराठवाड्यातून नांदेड, परभणी, उदगीर ही नावं हवामान खात्याच्या तापमानाच्या याद्यांत येतात. अशा ठिकाणी सकाळी साडेआठला पेटी उघडली जाते, कोरडा वाचला जातो, ओला वाचला जातो, किमान तापमापक वाचून पुन्हा सेट केला जातो. साडेआठची वेळ रात्रीची नव्हे, हे खरं. पण तापमान सूर्याबरोबर पळतं तसा बाष्पदाब पळत नाही, म्हणून साडेआठचा बाष्पदाब आणि रात्रीचं किमान तापमान यांची जोडी महिन्याच्या सरासरीला पुरेशी होते. खरी काळजी पाण्याची. बोअरचं जड पाणी मलमलीवर क्षारांचा पांढरा थर धरतं, पाणी नीट उडत नाही, ओला तापमापक वर राहतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते. म्हणून तिथे ऊर्ध्वपातित पाणीच वापरायचं आणि मलमल-वात वेळेवर बदलायची असा नियम आहे. तो काटेकोर पाळला गेला असेल तर १९७२ च्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्याची पानं उघडून पाहण्यासारखी आहेत. १३ अंशांच्या रात्री बाष्पदाब ९ वरून ५ मिलिबारवर उतरला तर पुण्याच्या अंकांनी आभाळाची देणगी आठ वॅटने घटते आणि जमीन थोडी अधिक निवते. पण त्याच वेळी दवबिंदू ५ अंशांवरून शून्याच्या खाली जातो, आणि रब्बीच्या ज्वारीच्या, करडईच्या पानांवर पहाटे जे दहिवर धरायचं ते धरतच नाही. पाऊस चुकल्यावर ओलीची तेवढीच एक आशा होती.